स्टीम क्लीनर घेण्याआधी मळ, प्लग आणि पाणी बघा

माझा पहिला स्टीम क्लीनर माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईचा उत्साह आणि ऑनलाइन सेल एकाच आठवड्यात आले की जे होतं ते झालं. हातात धरायचं, पाव लिटर पाण्याचं छोटं मशीन. ओट्यामागच्या टाइल्सच्या दोन ओळी झाल्या आणि वाफ संपली. मग ते थंड होऊ द्या, झाकण उघडा, पाणी भरा, पुन्हा तापवा. तिसऱ्या फेरीला मी गुपचूप घासणी आणि भांड्यांचा साबण हातात घेतला. मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता. गाडीच्या सीटसाठी किंवा बेसिनच्या नळाभोवतीच्या खाचांसाठी ते छानच आहे. मी मात्र त्याच्याकडून पुण्यात सिंहगड रोडवरच्या तीस वर्षं जुन्या फ्लॅटची अख्खी दिवाळी करून घ्यायला निघाले होते.

दुसरा घेताना क्रम उलटा केला. आधी घरातला मळ पाहिला, मग भिंतीतले प्लग, मग पाणी, आणि दुकानात सगळ्यात शेवटी गेले. तोच क्रम इथे देते.

पहिली पायरी: उकळत्या पाण्याची वाटी

हा प्रयोग फुकटचा आहे आणि निम्म्या लोकांची खरेदी इथेच रद्द व्हावी. वाटीभर पाणी उकळा, एक जुना टूथब्रश आणि फडकं घ्या आणि घरात ज्या ज्या जागा तुम्हाला छळतात तिथे फिरा. चमचाभर उकळतं पाणी डागावर टाका, दहा सेकंद थांबा, घासा, पुसा. वाफेजवळ उष्णता आणि ओलावा यांखेरीज काही नसतं. त्यामुळे गरम पाण्याने जे सुटतं, सैल होतं, ते वाफेने आणखी चांगलं निघेल. जे जागचं हलत नाही, ते वाफेनेही बहुधा हलणार नाही.

माझ्या घरात असं निघालं. चिमणीच्या जाळीवरचा आणि एक्झॉस्टच्या पात्यांवरचा चिकटा लगेच सुटला. फोडणीचं तेल उडून शेगडीच्या बर्नरभोवती जो तपकिरी मेणचट थर बसतो, तोही सुटला. टाइलच्या सांध्यांतला काळा मळ बराचसा आला. सरकत्या खिडकीच्या पट्टीत धूळ आणि पावसाचं पाणी मिळून जो चिखल वाळतो, तो तर पाण्यातच विरघळला.

बाथरूमच्या नळांवरचे आणि काचेवरचे पांढरे ठिपके मात्र तसेच राहिले. ते क्षार आहेत. त्यांना आम्ल लागतं, वाफ नाही. गंजाचे डाग तसेच. हळदीचा डाग किंचित फिका झाला, पण हळदीला ऊनच बरं.

भिंतीवरच्या बुरशीबद्दल जरा थांबून सांगते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात वाफेची मशीनं याच आशेने घेतली जातात. वाफेने वरची बुरशी मरते, हे खरं. पण भिंत ओली आहे म्हणून ती आली आहे, आणि आपण त्या भिंतीत आणखी ओल घालतो. शिवाय डिस्टेंपर आणि चुन्याचा हात वाफेने पोपडे धरून सुटतो. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग किंवा वरच्या मजल्यावरच्या मोरीची गळती. त्यावर वाफेचा उपाय नाही.

तुमच्या यादीत क्षार, गंज आणि ओलच जास्त निघाली, तर हा लेख इथेच सोडून द्या आणि पैसे वाचवा.

दुसरी पायरी: फरशी आणि फर्निचर काय सोसतं

पुण्यातल्या एकाच सोसायटीत तीन पिढ्यांच्या फरश्या सापडतात. जुन्या इमारतींत मोझेक, मोरीत आणि अंगणात शहाबादी, मधल्या काळातल्या घरांत कोटा किंवा संगमरवर, नव्या टॉवरमध्ये व्हिट्रिफाइड. व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक वाफेला सगळ्यात सोयीच्या. मोझेकही चालते, पण मेणाचं पॉलिश केलेलं असेल तर ते वाफेने उतरतं आणि फरशी ठिकठिकाणी निस्तेज दिसते. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. त्यांना आम्ल चालत नाही, म्हणून रसायन न वापरता सफाई करणारी वाफ त्यांच्या बाबतीत आकर्षक वाटते. पण सीलर, म्हणजे ओल अडवणारा लेप, न लावलेला दगड ओल पितो. सोफ्याखालच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा, दुसऱ्या दिवशी सुकल्यावर रंग तपासा, मगच पुढे जा.

लाकडी लॅमिनेटच्या फरशीवर वाफ मारू नका. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. पट्ट्यांच्या सांध्यांतून वाफ आत जाते आणि कडा फुगतात. हाच नियम स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांच्या दारांना. ती बहुतेक घरांत भुसा दाबून केलेल्या फळीची असतात. वरचा थर गुळगुळीत, पण कडेला चिकटवलेली पट्टी उष्णतेने सुटते. माझ्या सिंकखालच्या दाराची खालची कड आता इस्त्री न केलेल्या सुती साडीच्या काठासारखी दिसते. तिथे कोमट पाणी, साबण आणि पिळलेलं फडकंच बरं.

काचेच्या शेगडीवर आणि हिवाळ्यात गार पडलेल्या खिडकीच्या काचेवर एकदम एकाच जागी वाफ सोडली तर काच तडकू शकते. आधी लांबून सगळीकडे फिरवून काच कोमट होऊ द्यायची. स्विचबोर्ड, गीझर, फ्रिजची मागची बाजू, टीव्ही हे तर सांगायलाच नको, पण चिमणीच्या मोटरबद्दल सांगते: जाळी काढून मोरीत न्या आणि तिथे वाफ मारा, चिमणीच्या पोटात नाही.

रेशीम, मखमल, चामडं यांवर नको. सोफ्याच्या साध्या कापडावर चालते, पण मागे दिसणार नाही अशा जागी आधी करून बघा.

तिसरी पायरी: भिंतीतला प्लग

बहुतेक चुका इथे होतात. आपल्याकडच्या घरांत दोन प्रकारचे सॉकेट असतात. छोटा, ज्याला सगळे अजूनही पाच अँपियर म्हणतात पण ज्यावर ६ लिहिलेलं असतं, आणि मोठा, बोलीतला पंधरा अँपियर, ज्यावर १६ असतं. आपला दाब २३० व्होल्ट. सहाला २३० ने गुणा: १३८० वॅट. छोट्या प्लगची मर्यादा एवढीच. हातातली छोटी मशीनं साधारण ९०० ते १०५० वॅटची असतात, ती इथे चालतात. पाण्याची मोठी टाकी असलेली चाकांची मशीनं आणि बरेच स्टीम मॉप १३००-१५०० वॅटच्या पुढे जातात.

आता घरात फिरून मोठे प्लग मोजा. आमच्याकडे चार आहेत: गीझर, फ्रिजजवळचा, वॉशिंग मशीनचा आणि एक एसीसाठी. बैठकीच्या खोलीत एकही नाही. म्हणजे मशीनची वायर आणि नळी मिळून किती लांब पोचतात, हे मला दुकानात मोजावं लागणार होतं. एका दुकानात मी हे विचारलं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "ताई, कन्व्हर्टर लावा आणि छोट्यावर चालवा, सगळे तेच करतात." सगळे करत असतील. तो कन्व्हर्टर प्लगचं तोंड बदलतो, भिंतीतली वायर जाड करत नाही. जुन्या इमारतींतल्या वायरिंगवर अर्धा-पाऊण तास दीड हजार वॅट ओढले की सॉकेट पिवळं पडतं, मग वास येतो. एक्स्टेंशन घ्यायचंच असेल तर १६ अँपियरचं, जाड वायरचं घ्या, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा.

अर्थिंग तपासून घ्या. ओल्या मोरीत उभं राहून विजेचं मशीन धरायचं आहे. मीटरजवळ आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या, तो खर्च मशीनच्या आधीचा.

चौथी पायरी: वॅटवरून वाफ ओळखा

खोक्यावर मोठे आकडे असतात. ते पडताळायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. साधारण २५ अंशांचं एक ग्रॅम पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २५७० ज्यूल लागतात. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. मिनिटाचा हिशोब केला तर सोपा नियम मिळतो: वॅटला ४३ ने भागा, मिनिटाला जास्तीत जास्त किती ग्रॅम वाफ निघू शकते ते कळतं.

१५०० वॅटचं मशीन म्हणजे मिनिटाला सुमारे ३५ ग्रॅम. एक लिटर पाणी अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं पुरतं. १०५० वॅटचं मशीन मिनिटाला सुमारे २४ ग्रॅम देतं, आणि त्याची टाकी ३०० मिलिलिटरची असेल तर साडेबारा मिनिटांत कोरडी. माझ्या ओट्याच्या दोन ओळींचं रहस्य हेच होतं. पंधराशे वॅटच्या मशीनवर 'मिनिटाला १०० ग्रॅम' असं कुणी लिहिलं असेल, तर ते आधी साठलेल्या दाबाचे पहिले काही झोत असतील. सलग तेवढी वाफ तो हीटर देऊ शकत नाही.

दाबाचा आकडा 'बार'मध्ये असतो. घरगुती टाकीच्या मशीनमध्ये तीन-चार बार असतात. तीन बारला बंद टाकीतलं पाणी १४० अंशांच्या वर जातं, म्हणून जाहिरातीत तसे आकडे दिसतात. नळीतून बाहेर पडल्यावर मात्र वाफ हवेत मिसळते आणि काही सेंटिमीटरांतच शंभरच्या खाली येते. वीतभर लांबून मारलेली वाफ म्हणजे गरम दमट वारा. (हात मध्ये घालून खात्री करू नका, तो वाराही भाजतो.) त्यामुळे चार बार की साडेतीन, यावर फार डोकं खपवू नका. नोझल डागाला टेकवता येतं का आणि टोकाला ब्रश आहे का, हे जास्त महत्त्वाचं. शंभर बारच्या पुढचे आकडे दिसले तर तुम्ही प्रेशर वॉशरच्या रांगेत उभे आहात. ते गाडी आणि अंगण धुतात, वाफ देत नाहीत. कपड्यांचा स्टीमरही वेगळा; त्याने शेगडी साफ होत नाही.

'९९.९९ टक्के जंतू नष्ट' या ओळीला मी किंमत देत नाही. वाफेने जंतू मरतात, पण एका जागी काही सेकंद थांबलात तर. आपण भिंतीवरून हात फिरवतो त्या वेगाने नाही.

पाचवी पायरी: तीनपैकी कोणतं

हातातलं छोटं: वाटीच्या प्रयोगात तुमच्या यादीत पाच-सहा छोट्या जागाच आल्या असतील, एक खोली किंवा भाड्याचं घर असेल, मोठा प्लग नसेल, तर हेच. चार आकड्यांत येतं.

स्टीम मॉप: फक्त फरशीसाठी. घरी मावशी रोज फरशी पुसत असतील तर याची गरज कमी. रांगतं बाळ किंवा कुत्रं-मांजर असेल आणि फिनेल नको असेल, तर उपयोगी. मात्र वाफ मारण्याआधी केर काढायलाच लागतो, नाहीतर केसांचा आणि धुळीचा लगदा पसरतो.

टाकीचं, चाकांवर ओढायचं मशीन: ओटा, बाथरूम, खिडक्या, गाद्या, सगळं करायचं असेल तर हेच. बहुतेकदा पाच आकडी किंमत. लिटरभर पाणी भरलं की वजन एक किलोने वाढतं, आणि तापायला पाच-सहा मिनिटं लागतात, ते गृहीत धरा. यात एक फरक विचाराच. काहींमध्ये एकच बंद टाकी असते. पाणी संपलं की मशीन बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, मगच झाकण. काहींमध्ये वेगळी साधी टाकी असते, काम चालू असताना भरता येते. दिवाळीत एका दमात दोन बाथरूम करायची असतील तर दुसऱ्या प्रकारासाठी जास्त पैसे द्यावेत असं माझं मत. मी ते दिले.

गाद्यांचं वेगळं. ढेकणांसाठी मशीन घेणारे बरेच असतात, आणि त्यात तथ्य आहे. साठ अंशांच्या वरची उष्णता ढेकणांना आणि त्यांच्या अंड्यांना सोसत नाही. पण निमुळतं नोझल लावून झोत मारलात तर ढेकूण उडून शेजारच्या पलंगाखाली जातात. रुंद तोंड, त्यावर कापड, आणि एक वीत पुढे जायला निदान दहा सेकंद. शिवण, पलंगाच्या खाचा, पायांचे सांधे सोडायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फोमची गादी नंतर पंख्याखाली दिवसभर उभी ठेवा. कापसाच्या गादीला मी वाफ देत नाही. ती आत ओल धरते, आणि तिच्यासाठी गच्चीवरचं एप्रिलचं ऊन आहे. दम्यामुळे गादीतल्या सूक्ष्म किड्यांसाठी वाफ देत असाल तर सुकल्यावर व्हॅक्यूम फिरवा. किडे मरतात, पण ॲलर्जी करणारा त्यांचा कचरा गादीतच राहतो.

सहावी पायरी: पाणी

महापालिकेचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं. पावसाचं साठलेलं पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमी. ज्यांच्याकडे ते येतं त्यांची मशीनं निवांत चालतात. एखाद्या गुरुवारी पाणी बंद असलं तरी बाकीचे दिवस आपण नशीबवान. वाघोली, उंड्री, बावधन, बालेवाडीकडे ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत, तिथे गोष्ट निराळी. दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. मशीन पाण्याची वाफ बाहेर सोडतं आणि क्षार आत ठेवून घेतं, प्रत्येक भरणीला थोडे आणखी. बारीक नळी आधी बुजते. वाघोलीच्या आमच्या वहिनींचं मशीन एका पावसाळ्यात थुंकायला लागलं: वाफेबरोबर पांढरे कण आणि पाण्याचे शिंतोडे.

तुमचं पाणी कसं आहे हे चहाच्या इलेक्ट्रिक केटलचा तळ बघून कळतं. पांढरी साय धरली असेल तर नळाचं पाणी मशीनमध्ये घालू नका. आरओचं पाणी चालतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात मिळतं. ते नुसतं पाणीच आहे ना, बॅटरीचं ॲसिड नाही ना, हे बाटलीवर वाचून घ्या. काही मशीनं पूर्ण डिस्टिल्ड पाणी नको म्हणतात, नळाच्या पाण्यात मिसळायला सांगतात, म्हणून माहितीपुस्तिका पाहा. सोसायटीचा सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, त्यामुळे थर कमी बसतो, पण क्षार संपत नाहीत. एसीच्या पाइपचं पाणी फुकट आहे आणि दिसतंही स्वच्छ, पण त्यात हवेतली धूळ असते. नको.

टाकीत सुगंध, फिनेल, लिंबू, गुलाबपाणी काहीही घालायचं नाही. ते तापून आपल्याच नाकात जातं.

सातवी पायरी: दुकानात

तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, किंवा मोठ्या शोरूममध्ये, जिथे जाल तिथे मशीन उचलून बघा, खोका नाही. रिकाम्या टाकीनेच खांदा दुखला तर भरल्यावर ते चालणार नाही. वायर आणि नळीची लांबी मोजा. वाफेच्या बटणाला लहान मुलांसाठी कुलूप आहे का, आणि टाकी दाबाखाली असताना झाकण उघडत नाही ना, हे विचारा. या दोन बाबतींत तडजोड नको.

मग सुट्या भागांचं. कापडं जास्तीची मिळतात का? झाकणाची रबरी रिंग, ब्रश, नळी वेगळी मिळते का? ब्रश सगळ्यात आधी झिजतात. सोबत वीस नोझल देणाऱ्यांपेक्षा चार देऊन ती पुढे दोन वर्षं पुरवणारा बरा. पैसे देण्याआधी, तिथेच उभं राहून, सर्व्हिस सेंटरला फोन लावा. पुण्यात आहे का, की मशीन मुंबईला पाठवावं लागेल, हे त्यांच्या तोंडून ऐका. विक्रेत्याच्या तोंडून नको.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

परत करायची मुदत संपायच्या आत मशीन राबवून घ्या. मापाने पाणी भरा, वाफ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मोबाइलवर वेळ लावा आणि ४३ च्या हिशोबाशी ताडून बघा. थोडा फरक असणारच. टाकी तापवण्यातही वीज जाते, काही पाणी थेंबांच्या रूपात निघतं. पण वेळ निम्म्यावर आली, म्हणजे वाफेऐवजी नुसतं गरम पाणीच बाहेर फेकलं जातंय, तर परत द्या. पहिली वाफ नेहमी बादलीत सोडा, नळीतलं गार पाणी आधी निघतं. सांध्यातून सूंसूं आवाज येत असेल तर रिंग नीट बसलेली नाही.

काम करताना एका हातात नोझल, दुसऱ्यात कोरडं फडकं. वाफ चिकटा सैल करते, उचलत नाही. लगेच पुसला नाही तर तो खाली ओघळून पुन्हा घट्ट बसतो. पायात चपला, खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत.

काम झालं की मशीन थंड होऊ द्या, उरलेलं पाणी ओतून टाका आणि झाकण उघडं ठेवून सुकवा. महिन्या-दोन महिन्यांनी, पाणी जड असेल तर त्याआधीच, क्षार काढायचे: टाकी थंड असताना पुस्तिकेत सांगितलेल्या मापाने सायट्रिक ॲसिडचं पाणी, मग दोन-तीनदा साधं पाणी. त्या पाण्यासह मशीन चालू करू नका, पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं असेल तरच. व्हिनेगर बऱ्याच कंपन्यांना मान्य नसतं.

आणि ठेवायची जागा कंबरेच्या उंचीवर, मोठ्या प्लगच्या आसपास शोधा. माझं दुसरं मशीन वॉशिंग मशीनशेजारच्या कप्प्यात आहे, कापडं त्याच्याच डोक्यावर. पहिलं भाचीला देते आहे. ती हिंजवडीत एका खोलीत राहते, तिच्याकडे छोटाच प्लग आहे.